शेणाच्या खड्ड्यातला वारा

एकदा काय झालं, खैरवाडीच्या डोंगरावरचं शेवटचं झाडसुद्धा चुलीत गेलं. मग घरोघरी नुसत्या गोवऱ्या जळू लागल्या. धूर इतका, की राही गवळणीच्या म्हाताऱ्या सासूचे डोळे जायला लागले. समोर उभ्या सुनेचं तोंडही तिला दिसेना.

एका सकाळी राही शेणाची पाटी खड्ड्यात ओतत होती. आतून आवाज आला, गुडूप, गुडूप. एक बुडबुडा फुटला आणि चक्क बोलला, बरं का.

"मी शेणातला वारा. मला कोंडलंस, तर तुझ्या चुलीत बिनधुराचा जळेन."

"कशात कोंडू?"

"ते तू शोध," असं म्हणून वारा उडून गेला.

मग राहीनं मातीचा रांजण आणून खड्ड्यात उपडा घातला. वारा भरत गेला, भरत गेला, आणि रांजण तडकला. मग तिनं बांबूचं मोठं टोपलं विणून शेणामातीनं लिंपलं. लिंपण सुकलं, भेगा पडल्या, वारा निसटला.

नवरा म्हणाला, "आता पुरे कर, राही. लोक हसतायत."

"हसू देत. आत्याबाईंना अजून उजेड कळतो. तोवर मी थांबायची नाही."

मग तिनं काय केलं? आपली सगळ्यात दुधाळ म्हैस लोहाराला दिली आणि घंटेसारखी भली मोठी लोखंडी टाकी ठोकून घेतली. खड्ड्यात शेण-पाणी कालवलं आणि टाकीचं तोंड त्यात बुडवलं. आता वाऱ्याला वाट कुठली?

पण दिवस थंडीचे. गारठ्यात शेण आंबेना, वारा धरेना, टाकी वर उचलेचना. राही रोज पहाटे कोपरापर्यंत हात घालून शेण कालवायची, खड्ड्यात सोडायची आणि कामाला लागायची. असं करता करता थंडी सरली, आणि एक दिवस टाकी डुलत डुलत वर आली.

मग राहीनं बांबूची पेरं पोखरून नळी केली, टाकीला जोडून थेट चुलीपर्यंत नेली आणि काडी ओढली. निळी निळी ज्योत लागली. धुराचं नाव नाही.

त्या चुलीवर भाकरी होऊ लागल्या आणि म्हातारीचे डोळे हळूहळू निवळले. एका सकाळी तिनं राहीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, नीट पाहिला.

"अगं, किती वाळलीस तू," ती म्हणाली. "बस इथं. आज भाकरी मी करते."

राही खाली बसली आणि पोटभर जेवली. पुढं वाडीत घरोघरी तशीच टाकी झाली, सगळे सुखात राहिले. चला, आता पांघरूण घ्या आणि गप झोपा बघू.