मुळं असलेली खुर्ची

"खुर्ची दसऱ्याला माझ्या दरबारात पाहिजे," असं भुजंगराजा म्हणाला आणि गेणू माळ्याचं तोंड उतरलं. आता तुम्ही म्हणाल, खुर्ची उचलायची न् न्यायची, त्यात काय एवढं? अहो, पण त्या खुर्चीला मुळं होती.

गेणूनं ती केली नव्हती, वाढवली होती. त्याच्या बागेत एक वड होता. वडाच्या कोवळ्या पारंब्या गेणू वाकवायचा, केळीच्या सोपटानं एकमेकींना बांधायचा आणि वाट बघत बसायचा. चार पारंब्या जमिनीत शिरल्या, त्यांचे पाय झाले. बाकीच्या एकमेकींत मुरल्या, त्यांची बैठक झाली, पाठ झाली, हात झाले. बारा वर्षं लागली. तोवर गेणूची मुलगी ठकू पाळण्यातून उतरून बापाशी वाद घालायच्या वयाची झाली.

राजाला खुर्ची आवडली. आणि आवडलेली वस्तू जागच्या जागी राहू देईल तर तो राजा कसला?

"सरकार, ती झाडातच आहे. आणू कशी?" गेणू म्हणाला.

"ते तू बघ. एक पान सुकता कामा नये. दसऱ्याला ती माझ्या दरबारात असली, तर वडाला कुणी हात लावणार नाही, हा माझा शब्द. नसली, तर आमचा सुतार कापून आणेल."

गेणू घरी आला आणि ताटासमोर नुसता बसला.

"आबा, भाकरीनं काय वाकडं केलं तुमचं?" ठकूनं विचारलं.

गेणूनं सगळं सांगितलं. बोलता बोलता डोळे पुसले. ठकूनं मात्र त्याच्या ताटातली अर्धी भाकरी उचलून खाल्ली. "उरलेली तुम्ही खा. सुताराला रिकाम्या हातानं परत जायचंय."

ह्या राजाची एक रीत होती. फिर्यादी आला की राजा असेल तिथं ऐकायचा. चोपदार तीनदा काठी आपटून ओरडायचा, "दरबार भरला!" मग तिथंच निवाडा. शेतात, नदीवर, कुठंही. एकदा तर राजा न्हाणीत होता, डोक्याला शिकेकाई, डोळे मिटलेले, तरी दोन भावांच्या बांधाचं भांडण त्यानं मिटवलं होतं. त्या रीतीचा त्याला भारी अभिमान.

दसरा उजाडला. ठकू एकटीच राजवाड्यात आली, हात हलवत.

"खुर्ची कुठंय?" राजानं विचारलं.

"तयार आहे, सरकार. बागेत येऊन एकदा बसून बघा. मग ती दरबारात नाही असं वाटलं, तर करवतीचं एक टोक मी धरते."

राजा उठला. मागं चोपदार, मानकरी, सुतार, सगळी वरात बागेत आली. बघतात तर खुर्ची जिथल्या तिथं. वर एक खारूताई बसलेली.

"ही तर हललीसुद्धा नाही," राजा गुरगुरला.

"बोलणी मग खाईन. आधी टेका, सरकार. उन्हाचं चालून आलात."

राजा टेकला. दोन्हीकडच्या हातांमधून जरा रेटूनच बसावं लागलं, पण बसल्यावर पाठीला असा आराम पडला, की त्याचे डोळेच मिटायला लागले.

तेवढ्यात ठकूनं पदर खोचला. "सरकार, माझी फिर्याद आहे."

चोपदाराच्या हाताला सवयच ती. काठी तीनदा आपटली. "दरबार भरला!"

"बोल," राजा डोळे न उघडता म्हणाला. "कुणावर फिर्याद?"

"एका मोठ्या माणसावर. त्यानं माझ्या आबांना शब्द दिला, खुर्ची दसऱ्याला दरबारात असली तर वडाला हात लावणार नाही. आज दसरा. दरबार भरल्याचं आत्ताच साऱ्या गावानं ऐकलं. तो भरलाय कुठं, आणि सरकार बसलेत कशावर, एवढंच बघा. पान एकही सुकलेलं नाही. आणि तो माणूस सुतार घेऊन आलाय!"

राजाचे डोळे खाडकन उघडले. त्यानं खाली खुर्चीकडं बघितलं, मग चोपदाराकडं. चोपदारानं काठी पाठीमागं लपवली. सुतारानं करवत.

आणि राजा जो हसायला लागला! इतका हसला की वडाचं एक पान गळून त्याच्या पागोट्यावर पडलं.

"हे बघ, पान गेलं," तो म्हणाला.

"ते सुकून नाही, सरकारांच्या हसण्यानं गेलं. आमच्या नावावर घालू नका."

राजानं तिथंच निवाडा दिला. वड आणि बाग गेणूला इनाम. वडाला लोखंड लावायचं नाही. आणि दर दसऱ्याचा दरबार ह्याच खुर्चीत. एवढं बोलून तो उठायला गेला, तर खुर्ची त्याच्याबरोबर उठेना आणि त्याला सोडेनाही. चौघांनी ओढून काढला.

"सरकार," ठकू म्हणाली, "ही दरवर्षी थोडी जाड होते. तुम्हीही होता. दोघांपैकी एकाला थांबावं लागेल, आणि वड काही माझं ऐकायचा नाही."

राजा पुन्हा हसायला लागला आणि हसत हसत त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं. तेही ओढूनच काढावं लागलं.