कोरडी नळी

"दोन पंप बदलले, उस्ताद! आता आणखी काय बदलू? अख्खा पोकलेन?"

विश्वजित खोत चिडला होता. चिडणारच हो! कालव्यात दरड कोसळून मातीचा डोंगर बसलेला. संध्याकाळी सहाला धरणाचं पाणी इथं पोचणार. वाट मोकळी झाली नाही, तर पुढची चार गावं या पाळीला कोरडी राहणार, आणि त्यातलं एक त्याचं स्वतःचं. "दुपारपर्यंत मोकळं करतो," असं त्यानंच छाती ठोकून सगळ्यांना सांगितलेलं.

दुपार कधीच टळली होती. पोकलेनचा हात तेलाच्या दाबावर उचलतो, आणि तो दाब देणारा पंप नुसता किंचाळत होता. हात काही हलेना.

मेहबूब तांबोळी शांतपणे ऐकत होते. सत्तरीचे मिस्त्री. यांच्याच हाताखाली विश्वजितनं पहिला पाना धरला. पुढं सर्टिफिकेटं मिळाली, आणि साहेब चार वर्षं उस्तादांकडे फिरकले नाहीत. आज नाइलाजानं जीप पाठवली होती.

"तेल?"

"काठोकाठ आहे."

"फिल्टर?"

"नवा टाकलाय."

"टाकीतून पंपाकडे येणारी नळी?"

"कोरडी ठणठणीत! थेंबभर गळत नाही."

"गळत नाही...?"

"नाही म्हणतोय ना!"

"मग तीच बघू."

विश्वजितला हसूच आलं. म्हातारपण, दुसरं काय! जी नळी गळत नाही, ती बघायची?

उस्तादांनी मशीन चालूच ठेवायला सांगितलं. चहाच्या पेल्यात थोडं तेल घेतलं, वाकले, आणि नळी टाकीला जिथं जोडलेली होती तिथं सावकाश ओतलं.

किंचाळणं थांबलं.

विश्वजित बघतच राहिला.

तेल निथळून गेलं, तसा पंप पुन्हा ओरडायला लागला. उस्तादांनी पुन्हा ओतलं. पुन्हा गप.

"हवा..." विश्वजितच्या तोंडून कसंबसं निघालं. "नळी तेल बाहेर टाकत नव्हती. हवा आत ओढत होती! पंपाला पुरतं तेलच मिळत नव्हतं!"

उस्तादांनी पेला बाजूला ठेवला.

मशीन बंद केलं. जोडावर नळी आवळून धरणारी पट्टी बोटानं फिरत होती, इतकी सैल! दोन पंप काढले-घातले, पण या टोकाला त्याचा हातसुद्धा लागला नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी पट्टी घालून त्यानं ती दात-ओठ खाऊन आवळली, आणि केबिनमध्ये चढला.

पंप घुमला. हात सरसर वर गेला, बकेट भरून मातीसकट! काठावरच्या बायामाणसांनी एकच आरोळी ठोकली.

साडेपाचला शेवटचा ढिगारा निघाला. सहाला पाणी आलं, पाचोळा ढकलत, फेसाळत, आणि अडलं नाही. सरळ गावांच्या दिशेनं पळालं. लोक टोप्या उडवत होते. विश्वजित काठानं पाण्याबरोबर धावला, नरडं बसेपर्यंत ओरडला. चाळिशीचा बाप्या, पण आज त्याला कशाचीच लाज नव्हती.

धापा टाकत तो परत आला आणि उस्तादांच्या पायाशी बसला.

"एक सांगा उस्ताद. ओरडत तर पंपच होता ना? मी त्यालाच धरलं... माझं चुकलं कुठं?"

उस्ताद कालव्यात हात धूत होते. हात झटकून ते म्हणाले,

"उपाशी पोर रडलं, तर पोर बदलत नाहीत रे. ताट बघतात."