चिंध्या काढलेली दोरी

फार पूर्वी एक राज्य होतं, आणि तिथे रस्ता करायचा असो की पेठ वसवायची असो, पहिली कुदळ मारण्याआधी दोरी अंथरत. काय दिवस होते ते. नवा रस्ता जिथून जाणार तिथून काथ्याची लांबच लांब दोरी खुंट्यांना बांधून ठेवायची आणि सव्वा महिना ती तशीच राहू द्यायची. ज्याला त्या जागी रस्ता नको असेल, त्याने तिथे दोरीला एक चिंधी बांधायची. अर्ज नको, वशिला नको. लिहिता येत नसलं तरी गाठ सगळ्यांनाच मारता येते.

मग दरबाराने नेमलेली पाच जणांची समिती दोरीच्या कडेकडेने चालत यायची. प्रत्येक चिंधीपाशी थांबायची, ती कुणाची म्हणून विचारायची आणि त्या माणसाचं म्हणणं पटलं की दोरी सरकवायची. त्यामुळे त्या राज्यातले रस्ते कधीच नाकासमोर जात नसत. कुठे विहिरीला वळसा, कुठे एखाद्या म्हातारीच्या फणसाला. चालणाऱ्याला चार पावलं जास्त पडत, पण कुणाची हाय लागत नसे.

अशा त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याच्या एका गावाला रस्ता मंजूर झाला. गाव हरखून गेलं. रस्ता आला की आठवड्याचा बाजार भरणार, लेकी लांब द्यायला भीती वाटणार नाही. चैत्रात दोरी पडली आणि हळूहळू तिच्यावर चिंध्या दिसू लागल्या. मेंढपाळाची एक, तेल्याची एक, आणि तळ्याच्या वरच्या अंगाला परटिणीची एक.

परटिणीचं सगळं आयुष्य त्या तळ्यावर गेलेलं. डोंगरावरचं पाणी कोणत्या ओहळाने तळ्यात उतरतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो ओहळ आठ महिने कोरडा असायचा. परक्या माणसाला तिथे साधं माळरान दिसायचं. दोरी नेमकी त्याच्यावरून गेली होती. तिथे मातीचा भराव पडला तर तळ्यात पाणी यायचं कुठून? म्हणून तिने आपल्या लुगड्याचा काठ फाडला आणि त्या जागी बांधला.

समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी गावाने घरं सारवली, तोरणं लावली. पाटील तर मोठा हौशी माणूस. सगळीकडे फिरता फिरता त्याची नजर दोरीवर गेली आणि त्या मळक्या चिंध्या काही त्याला बघवेनात. पाहुणे दारात येणार आणि त्यांना पहिलं दर्शन आपल्या तक्रारींचं, हे बरं दिसतं का, असं त्याने विचारलं. गावालाही ते पटलं. कुणाच्या मनात पाप नव्हतं, हेच तर वाईट. पाटलाने एकेक चिंधी हलक्या हाताने सोडली, घडी करून जपून ठेवली आणि ज्याच्या त्याच्या घरी जाऊन सांगितलं की आधी जेवणं होऊ देत, मग निवांत बोलू. दोरीवर त्याने आंब्याचे डहाळे बांधले.

समिती आली. दोरी पाहून पाहुणे खूश झाले. गव्हाची खीर केली होती, पंगत बसली. समितीचे प्रमुख वयाने थोर होते. पानावर बसता बसता ते म्हणाले, "चाळीस वर्षं दोऱ्या बघतोय. बिनचिंधीची ही पहिलीच."

"गाव समाधानी आहे आमचं," पाटील हात जोडून म्हणाला.

रिवाजाप्रमाणे प्रमुखांनी सगळ्यांना तीनदा विचारलं, कुणाची काही हरकत आहे का. परटीण खांबाला टेकून उभी होती. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण पाहुण्याच्या हातात घास, पाटील खीर वाढायला वाकलेला, सगळं गाव आनंदात. अशा वेळी एकटीने तोंड उघडायचं तिच्या जिवावर आलं. ती गप्प राहिली. मेंढपाळ गप्प राहिला, तेलीही. तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर कागदावर शिक्का उठला. विडे झाले, समिती निघून गेली, आणि निवांत बोलायची वेळ काही आली नाही.

रस्ता झाला. चांगलाच झाला, खोटं कशाला बोला. बाजारही भरू लागला. पण पहिल्याच पावसाळ्यात डोंगरावरचं पाणी भरावाला अडलं आणि दुसऱ्या अंगाने नदीकडे पळालं. तळं अर्धंच भरलं. तिसऱ्या वर्षी त्यात म्हशीचे गुडघेही बुडेनात.

गावाने दरबारात माणूस धाडला. तेच प्रमुख आले, आता काठी टेकत. पाटलाकडे न जाता ते थेट तळ्यावर गेले. परटीण कोरड्या पडलेल्या धोंड्यावर बसली होती. तिने चिंधीपासून खिरीपर्यंत सगळं सांगितलं. ते तिच्याजवळच टेकले.

"मी तीनदा विचारलं होतं, बाई."

"तुम्ही जेवत होता, बाबा. जेवत्या माणसाला अडचण कशी सांगायची?"

"मी जेवायला आलो नव्हतो गं," ते म्हणाले. "सांगायचं तुझं राहिलं आणि ऐकायचं माझं. दोरी कोरी दिसली तेव्हाच मी पानावरून उठायला हवं होतं."

त्यांनी भरावाखालून मोरी काढून दिली. पण तोवर पाण्याने पलीकडे खोल वाट पाडली होती. तळ्यात आलं ते घोट्याएवढं. राजधानीत परतल्यावर प्रमुखांनी नियम केला की शेवटची हरकत ऐकून होईपर्यंत समितीने गावचा घास घ्यायचा नाही. भाकरी आपली बांधून न्यायची, गावाकडून फक्त पाणी मागायचं. पुढे कितीतरी गावं त्या नियमाने वाचली.

त्या एका गावाला मात्र तो उशिरा मिळाला. पूर्वी तिथली पोरं पाठीला सुके भोपळे बांधून तळ्यात उड्या टाकायची. नंतर जन्मलेल्या कुणालाच पोहता आलं नाही. आणि परटीण धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन त्याच नव्या रस्त्याने कोसभर लांब नदीवर जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, रस्ता चांगला आहे.

तात्पर्य: विचारायला आलेल्या माणसापुढे आपली अडचण मांडायला लाजू नये, त्यातच त्याचा मान आहे; आणि सगळेच खूश दिसले, तर विचारणाऱ्याने जेवण बाजूला ठेवून पुन्हा विचारावं.