निंगव्वाच्या पाळण्याची शेवटची ओळ

लई वर्षं झाली त्याला. तेव्हाही आमच्या सीमेवरच्या गावात वरली आळी कानडी बोलायची आणि खालची मराठी. निंगव्वाचा बाप खालच्या आळीचा, आई वरल्या आळीची. निंगव्वा जात्यावर बसली की गाणी रचायची. पहिली ओळ मराठीत यायची, दुसरी कानडीत. आपणहून यायची, असं म्हणतात.

लोकांना ते रुचायचं नाही. खालच्या आळीची कोंडाआत्या म्हणायची, "आमटीत खीर कालवतीस व्हय गं?" वरल्या आळीची गुरव्वा म्हणायची, "आमचं गाणं उष्टं करतीस तू." निंगव्वा गोंधळून जायची. आपण नक्की कुणाचं गातो, तिचं तिलाच कळायचं नाही.

मग तिला मुलगी झाली. बारशाला पाळण्यात घातली तशी पोर रडायला लागली ती थांबेचना. दूध घेईना, डोळा मिटेना. तीन दिवस झाले, पोर काळीनिळी पडली. निंगव्वा घाबरली. तिने आत्याचं ऐकून नुसता मराठी पाळणा म्हटला. पोर जास्तच रडली. मग गुरव्वाचं ऐकून नुसता कानडी म्हटला. पोरीचा आवाजच बसला.

"आता काय करू गं आत्या?"

कोंडाआत्याने डोळ्याला पदर लावला. "तुला येतंय तसं म्हण बाई. आम्हाला तरी काय कळतंय!"

निंगव्वाने दोरी ओढली. एक ओळ मराठी, एक कानडी. पोरीने हुंदका दिला आणि मूठ सोडली. आत्या भिंतीला टेकून पेंगली, तिच्या खांद्यावर गुरव्वा. मग दोन्ही आळ्या निजल्या. मोटेचे बैल उभ्या उभ्या निजले. चुलीवरची आमटीसुद्धा उकळायची थांबली, असं म्हणतात.

दिवस कलताना सगळे जागे झाले. पोर चुटुचुटु दूध पीत होती. आणि लगेच भांडण जुंपलं, पाळण्याची शेवटची ओळ कोणत्या बोलीतली? ऐकायला जागं कोण होतं! निंगव्वाला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ठावं? मी पण निजले होते की."

मग गाणं पुरं कुणी केलं? कुणी म्हणतं निंगव्वानेच झोपेत, कुणी म्हणतं पाळण्यानेच. मला तरी अजून उलगडलेलं नाही.

आजही आमच्याकडे बारशाला निंगव्वाचा पाळणा म्हणतात. दोन्ही आळ्यांच्या बाया दोरी धरतात. शेवटच्या ओळीपाशी सगळ्या गप्प होतात. मग आई वाकते आणि तिला येईल तशी ती ओळ बाळाच्या कानात म्हणते. कोणत्या बोलीत म्हणाली, हे तिला कुणी विचारायचं नाही.