बुजवलेलं भोक

१४ डिसेंबर, रविवार. कोल्हापुरात सकाळपासून दाट धुकं. नऊ वाजले तरी गॅरेजच्या शेडच्या पत्र्यावरून दव ठिबकत होतं.

"चोकची केबल किती डाव बदललीस?"

"दोनदा, उस्ताद," रणधीर म्हणाला.

"आणि ग्रीस?"

"भरपूर घातलंय."

"भरपूर." हैदर उस्ताद हसले. "लग्नातलं तूप वाढल्यागत."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा त्यांनी नाकावर नीट बसवला आणि गाडीला हात लावत एक फेरी मारली.

दोन सीटांची, उघड्या टपाची, जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी. रणधीर इंगवलेनं ती गंजक्या सांगाड्यातून उभी केली होती. पुण्यातल्या त्याच्या गॅरेजचे फोटो आता वर्तमानपत्रात येत. पुढच्या रविवारी ही गाडी प्रदर्शनात परीक्षकांपुढं उभी राहायची होती. फक्त चोक अडकत होता. गार इंजिन सुरू करायला डॅशबोर्डवरचं बटण ओढलं, की ते पुन्हा आत जायचं नाव घेत नसे. मग गाडी पेट्रोल पीत राही, काळा धूर सोडी आणि बंद पडे.

पण तेवढ्यासाठी कुणी पुण्याहून कोल्हापूर गाठत नाही. रणधीरची नजर सारखी भिंतीकडं जात होती.

उस्तादांची एक रीत होती. एखाद्याचा हात तयार झाला असं वाटलं, की ते भिंतीवरचा आपला एक पाना काढून त्याला देत. तोंडानं काही बोलत नसत. गावातले निम्मे मिस्त्री दसऱ्याला आधी तो पाना पूजत. रणधीर इथं नऊ वर्षं राबला आणि रिकाम्या हातानं गेला होता. आता शेड बंद होणार होती. भिंतीवर नुसते खिळे उरले होते, आणि एक पाना.

"तो शेवटचा कुणाचा, उस्ताद?"

"तू चोक दावायला आलायस न्हवं?"

रणधीरनं बॉनेट उघडलं. आत सगळं आरशासारखं चकचकीत होतं. उस्तादांनी तिकडं पाहिलंच नाही. बटणाच्या मागं हात घालून ते बोटांनी केबल चाचपत निघाले. डावीकडं गेले, खाली गेले, मडगार्डच्या कडेनं फिरले, तिथून वर कार्बोरेटरपाशी आले. दोन ठिकाणी बोटं थांबली.

"ही बया एवढी वळणं घेत कुठं निघालीया?"

"तशी ती दिसत नाही. बॉनेट उघडलं की समोर सगळं स्वच्छ."

"आणि सरळ यायचं तिचं भोक?"

"बुजवलं. वेल्डिंग केलं, वर पुट्टी, वर रंगाचे सात हात." रणधीरचा आवाज जरा चढला. "कुठं होतं ते तुम्हालासुद्धा सापडणार नाही."

उस्तादांनी बोटाच्या पेरानं इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधला पत्रा वाजवत नेला. ठण... ठण... ठप.

"हितं."

त्यांनी बाकड्यावरचं ड्रिल उचलून रणधीरच्या हातात दिलं.

"पाड."

"उस्ताद, रविवारी प्रदर्शन आहे. साधा ओरखडा दिसला तरी गुण कापतात."

"कापंनात का."

"दुसरा काही उपाय..."

"ग्रीस घाल."

...

रणधीरनं भिंतीकडं पाहिलं. मग ड्रिल पत्र्याला टेकवलं.

रंगाचे कपचे चकचकीत कार्बोरेटरवर पडले. त्यानं भोकात रबराची चकती बसवली, केबल उपसली, नव्यानं सरळ ओढली. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ती आता इंजिनावरून आडवी दिसत होती. त्यानं बटण ओढलं, स्टार्टर मारला. गाडी सुरू झाली. इंजिन तापल्यावर त्यानं एक बोट लावलं आणि बटण आत गेलं. आवाज संथ झाला.

उस्ताद मान कलती करून ऐकत होते. मग भिंतीपाशी गेले. पाना काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला.

रणधीरनं घाईघाईनं हात पँटला पुसले आणि ओंजळ पुढं केली.

"भोक कुणासाठी पाडलंस?"

हा प्रश्न रणधीरला सोपा वाटला.

"तुमच्यासाठी, उस्ताद. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ड्रिलला हातसुद्धा लावला नसता."

उस्तादांनी मान हलवली. ते वळले आणि चाचपत पाना पुन्हा टांगू लागले. पहिल्यांदा खिळा चुकला. दुसऱ्यांदा सापडला.

"उस्ताद..." रणधीरचे हात अजून पुढंच होते. "तुम्ही सांगितलं तेच केलं की मी. तेव्हाही तेच करत होतो. इतकी वर्षं..."

"नऊ."

"मग चुकलं कुठं?"

इंजिन संथ चालू होतं. उस्तादांनी बॉनेटच्या कडेवर हात ठेवला.

"बुजवलंस परीक्षकांसाठी," ते म्हणाले. "पाडलंस माझ्यासाठी. आणि हिच्यासाठी?"

...

रणधीर दुपारी पुण्याला निघाला. चोक एका बोटानं आत जातो. पाना खिळ्यावर आहे.