पाणखारला दारं का नाहीत

पाणखारात शिरलात की आधी तुमचं लक्ष घरांकडे जातं. चौकटी आहेत, उंबरे आहेत, सणाला चौकटींवर तोरणंही लागतात, पण राहत्या घराच्या एकाही चौकटीत दार नाही. दार फिरण्यासाठी चौकटीत खोबण कोरायची असते, तीसुद्धा कोरलेली दिसेल, फक्त तिच्यात फिरणारं काही नाही. संध्याकाळी लोक जुन्या लुगड्याचा पडदा सोडतात, आणि कुत्रं आत आलंच तर हाड म्हणतात. बाहेरून आलेली माणसं हे पाहून हरखतात. गावात चोऱ्या होत नाहीत का, देवाचा पहारा आहे का, असं विचारतात आणि फोटो काढून घेतात. चोऱ्या होतात. गेल्याच वर्षी एका घरातली तांब्याची घागर गेली. देवाचाही यात काही हात नाही. त्याच्यावर ढकलता आलं असतं तर गावाने केव्हाच ढकललं असतं.

दुसरी गोष्ट नजरेत यायला जरा वेळ लागतो. गावाच्या मावळतीला, शेवटच्या घरापासून थेट खाडीपर्यंत, नुसता काळा चिखल आणि तिवरांची झुडपं आहेत. दिवसातून दोनदा भरती येते, तिथे हिंडून परत जाते. त्या चिखलाच्या जागी एके काळी भात पिकत होतं, आणि असं चांगलं की लांबलांबून लोक बियाणं मागायला यायचे. घरांची दारं आणि ही शेतं एकाच दिवशी गेली, असं सांगतात.

ही हकिकत फार जुनी, आज गावात जे सगळ्यात म्हातारे आहेत त्यांच्या पणजोबांच्याही आधीची. तेव्हा खाडी आणि शेतं यांच्या मधे मातीचा लांब बांध होता. त्याचे तुकडे घरोघर वाटून दिलेले असत. ज्याच्या तुकड्याला खेकड्याने भोक पाडलं त्याने ते बुजवायचं, त्यात कुणाची तक्रार नसे. पण बांधाला एक तोंड होतं. पावसाचं पाणी शेतात साचलं तर भात कुजतं, म्हणून ओहोटीला ते तोंड उघडून पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती चढायच्या आत चिखलाचे गोळे आणि फांद्या रचून पुन्हा बंद करायचं. हे तोंड कुणा एका घराचं नव्हतं. ते सगळ्यांचं होतं, म्हणून त्याच्या पाळ्या लावलेल्या होत्या, आणि पाळी कुणाचीही असली तरी बहुतेक वेळा चिखलात उतरायचा तो कान्हू. त्याला नाही म्हणता येत नसे. कुणाचं अंग मोडून आलेलं असे, कुणाकडे पाहुणे आलेले असत, आणि कान्हू हसून धोतर खोचायचा.

एका आषाढात भरती त्याच्या अंदाजाच्या आधी आली. मांड्यांपर्यंत चिखलात रुतलेल्या माणसाला पाणी येतंय हे दिसलं तरी पळता येत नाही. ओहोटीला लोकांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या दोन्ही मुठींत माती होती म्हणे. गाव खूप रडलं. खरंच रडलं, त्यात खोटं काही नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी पाळ्या नव्याने लावल्या.

कान्हूची बायको पोवळी. तिच्या वाट्याला आता बांधाजवळचा एक पट्टा उरला होता, तोही कान्हूने पाठीवर माती वाहून उंच केलेला. तिच्या मनात दोनच गोष्टी होत्या. हा पट्टा खारा होऊ द्यायचा नाही, आणि त्यासाठी आणखी कुणाच्या बाईने असं प्रेत अंगणात पाहायचं नाही. या दोन गोष्टी एकमेकींत बसत नव्हत्या. शेत हवं तर चिखलात माणूस हवाच. जन्मापासून सगळ्यांनी तेच पाहिलेलं होतं.

असं सांगतात, की पुढच्या उन्हाळ्यात ती आपल्या गोठ्यासमोर बसली होती. गोठ्याला माडाच्या झावळ्यांचा झाप होता, वरच्या वाशाला टांगलेला, खाली चौकटीवर बाहेरून टेकलेला. वासराने आतून डोकं लावलं, झाप उचलला गेला, वासरू बाहेर आलं आणि झाप त्याच्यामागे आपोआप खाली पडला. थोड्या वेळाने त्याला पुन्हा आईकडे जावंसं वाटलं. ते बाहेरून ढुशा देऊ लागलं. जितक्या जोराने ढुशी देई तितका झाप चौकटीवर घट्ट दाबला जाई. वासरू हंबरत उभं राहिलं. पोवळी उठलीच नाही. त्या वासराला तिने किती वेळ तसं हंबरत ठेवलं, यावरून शेजारणींनी पुढे तिची बरीच थट्टा केली.

तिला जे सुचलं ते इतकंच होतं. बांधाच्या तोंडाला वरून दार टांगायचं, खाडीच्या बाजूने. ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर जाईल, भरतीला खाडीच ते दाबून धरील. माणूस चिखलात उतरायला नको.

ती जोमा पाटलाकडे गेली. जोमा गावचा पाटील, सरळ माणूस, कुणाचा एक दाणा खाल्लेला नाही. त्याच्या न्यायाला दोन्ही बाजू मान डोलवायच्या.

"पाटील, वरून टांगलेला दार भरती लावील अन् ओहोटी उघडील. मधे मानूस नको," ती म्हणाली.

पाटलाने विचारलं, "अन् लाकूड कुठला आननार?"

लाकूड कुठलं आणणार, हा प्रश्न खराच होता. खाऱ्या पाण्यात टिकणारं जुनं, जाड लाकूड गावात एकाच ठिकाणी होतं, घरांच्या दारांना. पोवळी घरी गेली आणि तिने स्वतःचं दार काढलं. फणसाचं, तिच्या सासऱ्याच्या वेळचं. भावाला हाताशी घेतलं, सुताराकडून दोन खांब आणि वर एक आडवा वासा बसवून घेतला, आणि तोंडाच्या मधोमध ते दार टांगलं. उरलेलं तोंड लोकांनी नेहमीसारखं चिखलाने बुजवलं. पहिल्या पावसानंतर भरती चढली तेव्हा अख्खं गाव बांधावर उभं होतं. दाराने एकदा धप्प आवाज केला आणि ते लागलं. खाडीचा थेंबही आत आला नाही. ओहोटीला आतलं पाणी त्याला उचलून खळाळत बाहेर गेलं. जोमा पाटलाने पागोटं काढून हातात घेतलं.

"डोका चालवलास, बाय. आता घाई नको. सगली मिलून करू," तो म्हणाला.

म्हणजे गावाने तिला हसून उडवून लावलं नाही, हे ध्यानात ठेवा. हसले असते तर ती भांडली असती, कदाचित काही झालंही असतं. गावाने तिला डोक्यावर घेतलं. तोंडाला आणखी पाच-सहा दारं लागणार होती आणि ती द्यायला एकही घर नाही म्हणालं नाही. अडचण निराळीच निघाली. पाच-सहा घरांनी दारं द्यायची आणि बाकीच्यांनी आपापली दारं लावून सुखाने झोपायचं, हे कुणाला पटेना. ज्याचं दार जाईल त्याची सून उघड्या घरात नांदणार, आणि शेजारची कडी लावून. पाटलाने बराच विचार करून निवाडा दिला, की सगळ्यांनी एकाच दिवशी दारं काढायची, त्यातली चांगली निवडायची आणि उरलेली फोडून खांब करायचे. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. निवाडा सगळ्यांना आवडला. आता फक्त दिवस ठरवायचा होता.

आषाढात लावणी होती, माणसाला वर बघायला फुरसत नव्हती. श्रावणात पाऊस इतका लागला की उघड्या घरात चूल पेटली नसती. भाद्रपदात गौर यायची. गौर दारातून येते, उंबऱ्यापासून तिची पावलं काढायची असतात, आणि दार नसलेल्या घरात ती पाऊल टाकील का, असं बायकांनी विचारलं. पुरुषांनी दिवस पुढे ढकलला. गौर गेली, पितरपाख लागला, आणि त्यात नवं काम कुणी हाती घेत नाही. दसऱ्याला मुहूर्त धरू, असं पाटलाने सांगितलं. प्रत्येक कारण खरं होतं, यातच सगळं दुःख आहे. एवढे दिवस तोंड चिखलानेच बुजवत होते आणि पाळीच्या माणसाची बायको बांधावर उभी राहून नवऱ्यावर नजर ठेवत होती. पोवळीच्या उघड्या घरात पाऊस येत होता. ती रोज बांधावर जाऊन आपल्या दाराला लागलेलं शेवाळ खरवडायची.

सर्वपित्री अमावास्येचं उधाण मोठं असतं आणि भरती भर दुपारी चढते. त्या दिवशी मावळतीचा वारा सुटला होता. पाळीच्या लोकांनी सकाळी चिखलाचे गोळे रचले आणि ते घरी गेले, कारण घरोघर पितरांसाठी स्वयंपाक होता. पोवळीनेही कान्हूसाठी भात शिजवायला घेतला होता. पण तो वारा तिला घरात बसू देईना. ती बांधावर आली तेव्हा चिखलाचा बुरुज पाझरू लागला होता आणि पाण्याला अजून बरंच चढायचं होतं.

ती धावत गावात आली. प्रत्येक घरासमोर केळीच्या पानावर वाढून ठेवलेलं होतं आणि माणसं हात जोडून आभाळाकडे बघत होती.

"तोंड सुटतंय. दारा घेऊन चला," ती म्हणाली.

कुणी नाही म्हणालं नाही. याही वेळी नाही. "पान वाढलाय, पोवळे. कावला शिवला का आलोच," असं तिला पहिल्या घरी सांगितलं, दुसऱ्या घरीही तेच सांगितलं. पितरांना उपाशी ठेवून उठायचं कसं? आणि त्या वाऱ्यात कावळे येईनात. माणसं काव काव करून घसा कोरडा करत होती, पानं उडू नयेत म्हणून त्यांच्या कडांवर दगड ठेवत होती. पाटलाच्या दारात पोवळी उभी राहिली तेव्हा तो तिच्याकडे बघू शकला नाही. ती फिरली आणि एकटीच परत गेली.

अखेर कावळा आला. तो पाटलाच्याच पानाला शिवला, असं म्हणतात. पाटील उठला, त्याने आपलं दार खांद्याने उचलून खोबणीतून काढलं, आणि ते पाहून सगळं गाव उठलं. म्हाताऱ्यांनी, बायकांनी, सगळ्यांनी दारं काढली. सागाची होती, आंब्याची होती, नुकतं लग्न झालेल्या घराचं हळदीचे हात उमटलेलं दार होतं. ती सगळी डोक्यावर घेऊन लोक भातातून बांधाकडे धावले. पाणखारची माणसं इतक्या एकदिलाने ना आधी कधी धावली होती, ना पुढे कधी.

माणसं पोहोचली तेव्हा तोंड गेलेलं होतं. मधे फक्त पोवळीचं दार उभं होतं, चौकटीवर घट्ट लागलेलं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी खाडी आत येत होती. त्या दाराला पाठ लावून पोवळी छातीभर पाण्यात उभी होती. लोकांनी आणलेली दारं त्या फुटलेल्या खांडीत टाकली. पाण्याने ती काडीसारखी फिरवली आणि शेतात नेऊन पसरली. भात तेव्हा निसवायला, लोंब्या बाहेर टाकायला आलेलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याच्यावर दारं तरंगत होती.

पोवळी जिवंत बाहेर आली. भावाने तिला ओढून काढलं. पुष्कळ लोक सांगताना तिला तिथेच बुडवतात, कारण तसं ऐकायला बरं वाटतं. ती बुडली नाही. पुढे पुष्कळ वर्षं जगली, आणि तिचा पट्टा पांढरा पडताना, मग काळा होताना, मग त्यावर तिवरं उगवताना तिने रोज पाहिला. भरतीगणिक खांड रुंद होत गेली. त्या वर्षी भात आलं नाही आणि त्यानंतर कधीच आलं नाही.

त्या कार्तिकात जोमा पाटलाने देवळात गाव बोलावलं. त्याचे केस एका महिन्यात पांढरे झाले होते. तो म्हणाला, जी दारं आपण शेताला वेळेवर दिली नाहीत ती आपल्या घरालाही नकोत. पुन्हा त्या जमिनीत भात होईल तेव्हाच पाणखारच्या चौकटीत दार लागेल. लोक रडत होते. प्रत्येकाने देवावर हात ठेवून शपथ घेतली. मग पाटील पोवळीकडे वळला आणि तिच्या पाया पडायला वाकला.

ती मागे सरली. "दारा काढल्यान भात पिकनार हाय काय, पाटील?" तिने विचारलं.

ती तिथून निघाली ती थेट खांडीवर गेली. ओहोटी होती. भावाच्या मदतीने तिने आपलं दार सोडवलं, खरवडून धुतलं आणि घरी आणून पुन्हा चौकटीत बसवलं. सगळ्या गावात तेवढ्या एका घराला दार झालं. संध्याकाळी बायका हळद-कुंकू घेऊन, ती विधवा असूनही, देवीची भरावी तशी तिची ओटी भरायला आल्या. तिने आतून कडी लावून घेतली होती. त्यांनी हाका मारल्या, मग रडल्या, मग ओटीचं सामान उंबऱ्यावर ठेवून गेल्या. त्यानंतर गावातल्या कुणासाठी ते दार उघडलं नाही, असं सांगतात.

तिच्या घराच्या भिंती केव्हाच पडल्या. आजही तिथे ते बंद दार चौकटीसकट उभं आहे, मागे नुसतं गवत. बाजूने सहज मागे जाता येतं, पण कुणी जात नाही. सर्वपित्रीला गाव पोवळीचं पान त्या दारासमोर वाढतं आणि सगळे तिथे जमतात. जमले की कुणीतरी म्हणतो, आतल्या बाजूने नवा बांध घातला तर अजूनही निम्मी जमीन सुटेल. ते खरं आहे, आणि सगळ्यांना ते पटतं. दसऱ्यानंतर दिवस धरायचं ठरतं. मग माणसं घरी जातात आणि बाजारातून आणलेल्या तांदळाचा भात जेवतात.