परत घेतलेल्या विजेऱ्या

मुलांनो, चौथीचं पुस्तक मला चित्रांसकट तोंडपाठ आहे. असणारच, त्या वर्गातून मला पुढे ढकलायला गुरुजींना तीन वर्षं लागली. तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका, गोष्ट ऐका.

एका जंगलात एक कोल्हा विजेऱ्या बनवत असे आणि एक कावळा त्या जांभळीखाली मांडून विकत असे. कोल्हा हुशार, कावळा गोडबोल्या; तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात ना, तसेच. "बंद पडली की इथंच आणून द्या, कोल्होबा परत नेतात," असं कावळा प्रत्येकाला सांगे, म्हणून माल झपाट्यानं खपे. गिऱ्हाइकंही शहाणी. बंद विजेरी कुणी झुडपात फेकली नाही. सगळ्यांत आधी बेडकी आपली घेऊन आली आणि सशाच्या, साळिंदराच्या मागे लागून त्यांनाही तिनंच आणायला लावलं. कावळा "वा, वा!" म्हणून त्या घेई आणि जांभळीमागच्या घळीत टाकून देई. न्यायला कोल्हा कधी आलाच नाही. त्या घळीतून एक झरा वाहत होता. झऱ्याच्या खालच्या अंगाला बेडकीचं डबकं होतं आणि डबक्यात तिची पिल्लं.

हळूहळू घळीतले सेल फुगले, फुटले आणि झऱ्यावर हिरवट तवंग आला. बेडकी धापा टाकत कावळ्याकडे गेली. "कावळेभाऊ, तेवढा ढीग उचला हो!"

"मी नुसता विकतो, काकू. बनवल्या कुणी? त्याला विचारा."

ती कोल्ह्याकडे गेली. "मी बनवून मोकळा झालो," कोल्हा म्हणाला. "विकल्या कुणी? आणि एवढी काळजी वाटते तर पोरांना घेऊन दुसरीकडे राहायला जा."

"कशी जाऊ? त्यांना अजून पाय फुटले नाहीत."

"मग फुटू द्या की, घाई कसली!"

बेडकीनं स्वतःच ढिगाला खांदा लावून पाहिला. सेल फुटून एकमेकींना चिकटलेल्या त्या ढिगातली एक विजेरी जागची हलली नाही. मग ती डबक्याच्या काठावर येऊन बसली. पिल्लं एकेक करून वर आली, ती पोट वर करूनच. काहींना मागचे पाय फुटायला नुकती सुरुवात झाली होती.

बातमी कळल्यावर दोघंही जोडीनं भेटायला आले. ढीग उचलायला मात्र त्यांची जोडी कधी जमली नव्हती. कोल्ह्यानं नवी कोरी विजेरी पुढे केली. "झालं ते झालं, काकू. ही आमच्याकडून भेट. अंधारात जपून चालत जा."

बेडकीनं विजेरी लावली आणि पाण्यावर धरली.

"उजेड छान पडतो हो, कोल्होबा. आता यात बघू कुणाला?"

तात्पर्य : वस्तू बंद पडली तरी बनवणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं ती आपलीच समजून तिची नीट विल्हेवाट लावावी; दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले, की ज्यानं ती इमानानं आणून दिली त्याचंच घर उजाड होतं.